डाव्या दंडावरची लस, मूत्राशयात

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ पर्यंत चढतो आणि घरटी एखाद्याला तरी उन्हाळी लागते. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, कधी गडद रंग. त्यावरचे उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतात: धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, माठात टाकलेला वाळा. बहुतेकांना त्यानं बरं वाटतंही, कारण बहुतेकांचं दुखणं पाणी कमी पडल्याचंच असतं. पंचाईत अशी की मूत्राशयाचा कर्करोगही याच वेशात येतो. फरक एवढाच की त्यातलं रक्त सहसा दुखत नाही. एक दिवस लघवी लाल होते, मग कित्येक आठवडे स्वच्छ. साठीतला, आयुष्यभर बिडी ओढलेला माणूस म्हणतो, "उष्णता झाली होती, गेली."

बिडीचा उल्लेख उगाच केलेला नाही. या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो. धुरातली विषारी द्रव्यं रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून बाहेर टाकतात आणि मग ती तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून साठून राहतात. दुसरं जुनं कारण रंगांचं. १८९५ साली जर्मनीतल्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकानं फ्रँकफर्टजवळच्या रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हा कर्करोग पाहिला आणि बोट थेट रसायनांकडे दाखवलं. पुढे बेंझिडीनसारखी द्रव्यं दोषी ठरली. त्यांच्यापासून बनणाऱ्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. चादरी, टॉवेल आणि बिड्या यांवर वाढलेल्या शहरानं ही दोन्ही कारणं लक्षात ठेवलेली बरी.

या जिल्ह्याची कर्करोगाशी ओळख तशी जुनी आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. खेड्यातला रुग्ण आजार लपवतो, आपणहून दवाखान्यात येत नाही, म्हणून नोंदणीची माणसंच गावोगाव फिरत. लपवण्याची ही सवय निदानाबरोबर संपत नाही, उपचारातही ती सोबत येते. लघवीच्या जागेचा आजार, त्यावर नळी, त्यातून त्रास. हे सुनेसमोर किंवा जावयासमोर बोलायचं कसं? मूत्राशयाच्या कर्करोगाच्या उपचारातले अर्धेअधिक त्रास दवाखान्यात दिसतच नाहीत. ते घरी, रात्री, नाहीतर एसटीत सुरू होतात. यातला कोणता त्रास औषध काम करत असल्याचा आणि कोणता धोक्याचा, हे रुग्णाला आणि घरच्यांना ओळखता आलं पाहिजे.

निदान झालेल्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांमध्ये गाठ अस्तरापुरती असते, स्नायूत शिरलेली नसते. तिला दुर्बिणीतून, लघवीच्या मार्गानंच, खरवडून काढतात. पोटावर टाका नाही, कमरेखाली भूल, दोन-तीन दिवसांत घरी. त्यानंतर काही दिवस लघवी गुलाबी असणं, जळजळ होणं, सारखी घाई होणं ठरलेलं. एक गोष्ट मात्र आधी सांगितली नाही तर घरात गोंधळ उडतो: सगळं स्वच्छ झाल्यावर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा लाल लघवी होते. आतल्या जखमेची खपली सुटलेली असते. भरपूर पाणी प्यायलं की ती थांबते. गाठी पडून लघवीच अडली, तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

अस्तरातली गाठ काढली तरी ती पुन्हा उगवण्याची खोड या कर्करोगात फार आहे. ज्यांची गाठ जास्त आक्रमक जातीची, त्यांना पुढचा उपचार म्हणून मूत्राशयात बीसीजी देतात. हो, तीच. जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर टोचतात ती क्षयाची लस. काल्मेत आणि गेराँ या दोन फ्रेंच संशोधकांनी गायींच्या क्षयाचा जंतू १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून त्याचे दात पाडले. त्यातून ही लस आली. १९२९ मध्ये अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्षय झालेल्यांमध्ये कर्करोग कमी आढळतो असं त्यांना दिसलं. क्षय होऊ न देता त्याचा हा फायदा उचलता येईल का, या विचारात पुढची चार-पाच दशकं गेली. १९७६ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनच्या अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडून पाहिली आणि गाठी पुन्हा येणं कमी झाल्याचं प्रसिद्ध केलं.

आठवड्याला एक असे सहा डोस हा मोरालेस यांचा आराखडा आजही जगभर चालतो. आठवड्याचं अंतर का, तर एका डोसाचा त्रास आठवड्याच्या आत ओसरत असे. आणि सहाच का, तर त्यांना मिळणारी लस सहा कुप्यांच्या खोक्यात येई! एका खोक्यावर ठरलेला हा आकडा पुढच्या अनेक चाचण्यांनी मोडला नाही. कधीकधी वैद्यकशास्त्राचं नशीबही चांगलं असतं. महाराष्ट्राचा वाटा असा की पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीची बीसीजी बनवते. कॅनडातला मोठा उत्पादक या बाजारातून बाहेर पडल्यावर जगभर या लसीचा तुटवडा झाला, आणि पुढे पुण्याची लस कॅनडातही जाऊ लागली. ज्या देशात हा उपचार जन्मला त्याच देशात!

डोसाच्या दिवशी सकाळपासून पाणी आणि चहा बेतानंच घ्यायचा, म्हणजे मूत्राशयात लस पातळ होत नाही. बारीक नळी घालून ५० मिलिलीटरच्या आसपास द्रावण आत सोडतात, नळी काढतात आणि दोन तास लघवी रोखून धरायला सांगतात. हे दोन तास कागदावर सोपे वाटतात. करमाळ्याचा किंवा मंगळवेढ्याचा माणूस 'दुपारची गाडी चुकेल' म्हणून लगेच स्टँडकडे निघतो आणि मग खड्ड्यांच्या रस्त्यावर, गच्च भरलेल्या एसटीत त्याची जी अवस्था होते ती त्यालाच ठाऊक. दोन तास दवाखान्यातच काढावेत. त्यानंतरची पहिली लघवीही शक्यतो तिथल्याच संडासात करावी, कारण तिच्यात जिवंत जंतू असतात. पुढचे सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. प्रत्येक वेळी संडासात ब्लीच टाकून पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी ओतायचं. आठ बिऱ्हाडांत एक संडास असलेल्या चाळीत हे पाळायचं तर शेजाऱ्यांना काहीतरी सांगावं लागतं. 'टीबीचे जंतू' हे शब्द तिथे पोचले की काय होतं ते सांगायला नको. म्हणून घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं: एकत्र जेवल्यानं, एका खोलीत झोपल्यानं, नातवाला मांडीवर घेतल्यानं काही होत नाही. काळजी घ्यायची ती लघवीची, आणि आठवडाभर शरीरसंबंधात निरोधची.

त्रास सुरू होतो तो त्याच संध्याकाळी. जळजळ, दर अर्ध्या तासाला घाई, लघवीत थोडं रक्त, अंग मोडून येणं, कणकण, हुडहुडी. पहिल्या डोसाला फारसं काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्यापासून जोर वाढतो, कारण शरीराची फौज आता शत्रूला ओळखू लागलेली असते. बीसीजीचे जंतू अस्तराला चिकटतात, कर्करोगाच्या पेशींत शिरतात, त्यांच्या मागे पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. ही सूज म्हणजे उपचाराचाच भाग. याचा अर्थ जितका त्रास जास्त तितका गुण जास्त, असा मात्र काढू नये. ज्याला काहीच झालं नाही त्याचाही उपचार छान लागू पडू शकतो.

हा साधा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, दोन दिवस चहा-कॉफी बंद आणि शेंगाचटणीला थोडी सुट्टी, एवढ्यावर भागतं. धोक्याची खूण वेगळी असते. ताप १०१ च्या वर जाऊन २४ तासांत उतरत नाही, किंवा एकदम १०३ वर चढतो, कडकडून थंडी वाजते, सांधे सुजतात, वृषण सुजून दुखतं, धाप लागते, डोळे पिवळे दिसतात. यांतलं काहीही झालं तर दुसरा डोस तर नाहीच, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. जंतू रक्तात उतरल्याची ती शक्यता असते. शंभरात पाचांनाही असा गंभीर त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना तो जिवावर बेतू शकतो. १९८० च्या दशकात यानं मृत्यूही झाले, आणि त्यांच्या अभ्यासातूनच आजचे नियम आले: नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी लस द्यायची नाही, लघवीला जंतुसंसर्ग असेल तर थांबायचं, गाठ खरवडल्यावर किमान दोन आठवडे जखम भरू द्यायची. दुसऱ्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना ही लस देत नाहीत. 'आज नको, पुढच्या आठवड्यात या' असं डॉक्टर म्हणतात तेव्हा शंभर किलोमीटर आलेल्या माणसाला राग येतो. पण ते परत पाठवणं हाच त्या दिवशीचा योग्य उपचार असतो.

जंतू पसरलाच तर क्षयाची औषधं लागतात, आणि इथे आपल्याकडचा एक खास घोळ होतो. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइडला हा जंतू जन्मजातच दाद देत नाही. गावच्या डॉक्टरांनी 'टीबी आहे' म्हणून सरळ चार औषधांची एकत्र गोळी सुरू केली, तर त्यातलं एक औषध नुसताच यकृताला भार होतं. उलटही घडू शकतं. बीसीजी घेतलेल्या माणसाच्या प्रोस्टेटमध्ये वर्षभरानं गाठ लागते, तुकडा तपासला तर क्षयासारखी सूज दिसते, आणि मूत्राशयात लस दिली होती हे तपासणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग काही त्रास नसताना सहा महिन्यांचा कोर्स. म्हणून खिशात एक चिठ्ठी असावी: मूत्राशयात बीसीजी दिली आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, पायराझिनामाइडचा उपयोग नाही. आणखी एक बारीक गोष्ट. रिफाम्पिसिन सुरू झालं की लघवी केशरी-लाल होते. ज्या माणसाचा आजारच लाल लघवीनं सुरू झाला, त्याला त्या सकाळी काय वाटत असेल? हे गोळी हातात देतानाच सांगायला हवं, पण पुष्कळदा राहून जातं.

सहा डोसांनी काम संपत नाही. पुढे तीन-तीन डोसांचे फेरे तीन वर्षांपर्यंत चालतात. पूर्ण हिशेब २७ डोसांचा. ज्या अमेरिकी चाचणीनं हे वेळापत्रक रूढ केलं, तिच्यातसुद्धा सगळे फेरे पूर्ण करणारे जेमतेम १६ टक्के होते. तेव्हा सोलापूरचा हजारी बिड्यांवर किंवा लूमच्या पाळीवर मजुरी मिळवणारा माणूस मध्येच थांबला, तर त्याला बेजबाबदार म्हणू नये. मात्र थांबण्याआधी त्यानं बोलावं. डोस कमी करता येतो, अंतर वाढवता येतं, काही फेरे वगळता येतात. गुपचूप यायचं बंद केलं की दुर्बिणीची तपासणीही सुटते, आणि नुकसान खरं तिथे होतं. लसीऐवजी मायटोमायसिनसारखं औषध आत सोडलं तर ताप टळतो, पण ते कातडीला लागलं की हाताला आणि लघवीच्या जागी पुरळ येतं. लघवीनंतर साबणानं हात आणि ती जागा धुणं हा त्यावरचा उपाय.

गाठ स्नायूत शिरली की खेळ बदलतो. ऑपरेशनआधी बहुधा केमो देतात, आणि तिच्या केंद्रस्थानी सिस्प्लाटिन असतं. उलट्या करवणारं म्हणून हे औषध कुप्रसिद्ध होतं; आजच्या उलटीविरोधी गोळ्यांनी ती बाजू बरीच सावरली आहे. मूत्रपिंडांना ते आजही झोडपतं, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर सलाईन चढवतात. सोलापूरच्या मे महिन्यात त्यानंतरचे चार दिवस जपावे लागतात. पत्र्याच्या घरात घाम निथळतोय, तोंडाला चव नाही, पाणी प्यायलं तरी मळमळतं. अशात मूत्रपिंडं बघता बघता आजारी पडतात. लघवीचा रंग गडद झाला आणि तिचं प्रमाण घटलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

सिस्प्लाटिनचे आणखी दोन परिणाम या शहरासाठी वेगळे मोजावे लागतात. पहिला कानावर. ते वरच्या पट्टीचे आवाज ऐकण्याची शक्ती कमी करतं, कानात गुणगुण लावतं. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाच्या कानाचं नेमकं तेच अंग आधीच खराब झालेलं असतं. 'मला कमी ऐकू येतं' असं तो म्हणत नाही. साच्यावरचे, म्हणजे मागावरचे, सगळेच तसे असतात. केमोआधी कान तपासून घेतले नाहीत, तर औषधानं किती नेलं आणि मागानं किती, कळणार कसं? दुसरा परिणाम बोटांवर. हातापायांच्या टोकांना मुंग्या, बधिरपणा. शर्टाचं बटण लावता येत नाही, नाणं उचलता येत नाही. हा त्रास केमो संपल्यावरही काही महिने वाढू शकतो. बैठं काम करणाऱ्याला तो किरकोळ वाटेल. पण तुटलेला धागा पकडून गाठ मारणं, तेंदूच्या पानात चिमूटभर जर्दा घालून वळणं आणि टोक मुडपणं, हे सगळं बोटांच्या शेंड्यांवर चालतं. त्यामुळे पोट कशावर आहे, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा आणि नाही विचारला तर आपण सांगावं. मात्रा किंवा औषध बदलायचं तर ते मुंग्या सुरू झाल्या झाल्याच; बोटं बधिर पडल्यावर हातात फार काही उरत नाही.

मूत्राशय वाचवून किरणोपचार देण्याचाही मार्ग आहे, लोक ज्याला शेक म्हणतात. सोबत केमो दिली की योग्य निवडलेल्या रुग्णांत त्याचा निकाल चांगला येतो. तात्पुरता त्रास म्हणजे जळजळ आणि जुलाब. उशिराचा म्हणजे काही वर्षांनी लघवीतून किंवा शौचातून रक्त येणं, मूत्राशय आकसणं. उशिराचा त्रास होतो तेव्हा शेक घेतल्याचं माणूस विसरलेला असतो, म्हणून ते कागद फेकायचे नाहीत.

राहिलं मोठं ऑपरेशन, मूत्राशय काढून टाकण्याचं. पुरुषात त्यासोबत प्रोस्टेट जातं, बाईत बहुधा गर्भाशयही. लघवीला नवी वाट म्हणून आतड्याचा एक तुकडा वापरतात: एक टोक पोटाच्या कातडीला आणून जोडतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. हा प्रकार १९५० पासून रूढ आहे. निवडक रुग्णांत आतड्याचंच नवं मूत्राशय शिवतात. त्यात बाहेर काही दिसत नाही, पण रात्री गजर लावून उठावं लागतं, रक्तात आम्ल वाढू शकतं आणि काही वर्षांनी बी-१२ कमी पडतं.

पुरुषांतला लैंगिक दुबळेपणा हा या ऑपरेशनचा सर्वांत सर्रास आणि सर्वांत कमी बोलला जाणारा परिणाम. 'या वयात कशाला' असं मुलगाच परस्पर ठरवून टाकतो. बाईला तर कुणी विचारतही नाही. ज्याचं ऑपरेशन आहे त्याला आणि त्याच्या जोडीदाराला, मुलांना बाहेर पाठवून, हे आधी सांगायला हवं. नसा वाचवता येतील का हेही तेव्हाच ठरतं.

पिशवीसह जगणं मात्र लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ सुसह्य असतं. आतड्याचा तुकडा चिकट स्राव सोडतच राहतो. लघवीत पांढरे धागे दिसले की घरचे 'पू झाला' म्हणून घाबरतात. तो पू नसतो. पिशवीतली लघवी तपासली तर जंतू हमखास सापडतात, आणि ताप नसताना केवळ त्या रिपोर्टवर प्रतिजैविकं घेण्यात अर्थ नाही. पिशवी बदलायची ती पहाटे, चहापाण्याच्या आधी, तेव्हा लघवी कमी वाहते. ती अर्धी भरायच्या आत रिकामी केली तर वजनानं सुटत नाही. घामानं चिकटपणा लवकर जातो, म्हणून हिवाळ्यात चार दिवस टिकणारी पिशवी उन्हाळ्यात दोनच दिवस टिकू शकते. महिन्याचा हिशेब त्याप्रमाणे करावा. नीट बसवलेली पिशवी पाण्यानं निघत नाही, त्यामुळे पंढरपूर याच जिल्ह्यात असलेल्या माणसाला चंद्रभागेचं स्नान सोडायचं कारण नाही. देवळात जावं की नाही हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा घरातले जुनेजाणतेच काढतात. शरीराच्या बाजूनं त्याला काहीही हरकत नाही.

खर्चाचं पाहायचं तर राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. ऑपरेशन आणि केमो तीत बसते का, हे दाखल होतानाच विचारावं. पिशव्यांचंही तेव्हाच विचारावं, कारण त्या जन्मभर लागतात.

पिशवी पोटावर नेमकी कुठे येणार याची खूण ऑपरेशनच्या आधी पेननं करतात, आणि ती झोपलेल्या माणसावर करून भागत नाही. उभं राहून, बसून, वाकून पाहावं लागतं. घडी पडते तिथे पिशवी धरत नाही. ती जागा रुग्णाला स्वतःला दिसली पाहिजे आणि त्याचा हात तिथे पोचला पाहिजे. परदेशी पुस्तकांत पँटचा पट्टा टाळा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे धोतराचं केळं, लुंगीची गाठ, नऊवारीचा ओचा आणि सहावारीच्या निऱ्या जिथे खोचतात ती जागा टाळायची असते, आणि साच्यावर उभं राहणाऱ्याचं पोट जिथे मागाच्या तुळईला टेकतं तीही. दवाखान्याचा झगा घालून बसलेल्या बाईच्या पोटावर हे कळत नाही. म्हणून खूण करायला बोलावतील त्या दिवशी रोजची साडी, रोजच्यासारखी नेसून जावं.